घरच्या घरी वीर्यरोपण : साधन सोपे, दिवस अवघड

मुंबई : पती अंधेरीच्या सीप्झमध्ये रात्रपाळीला आणि पत्नी सकाळच्या लोकलने मुलुंडहून फोर्टला जाणारी. तो घराचे कुलूप उघडतो तेव्हा ती फलाटावर गाडीची वाट पाहत असते. घाटकोपरच्या दोन खोल्यांत सासू-सासरे आणि धाकटा दीर. बोरिवलीच्या एखाद्या घरी पती व्यापारी जहाजावर, वर्षातले सहा महिने समुद्रात. उपनगरांत अशी घरे शोधावी लागत नाहीत. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली की नातेवाईक 'गोड बातमी' विचारू लागतात, आणि उत्तर देण्याची वेळ बहुतेक वेळा सुनेवर येते.

यांपैकी सर्वच दाम्पत्यांना वंध्यत्वाचा विकार असतो असे नाही. कित्येकदा शुक्रजंतू निरोगी असतात, स्त्रीबीजही दरमहा तयार होते. दोहोंची गाठ मात्र पडत नाही. कधी योग्य दिवशी दोघे एकत्र नसतात. कधी समागमाच्या वेळी योनिमार्गाचे स्नायू आपोआप आखडतात आणि संबंध अशक्य होतो. डॉक्टर याला व्हजायनिस्मस म्हणतात. कधी मधुमेहामुळे, औषधांमुळे किंवा निव्वळ 'आज दिवस आहे' या दडपणामुळे पतीला ताठरता येत नाही. विवाहानंतर अनेक वर्षे शरीरसंबंधच न झालेली सुशिक्षित जोडपीही डॉक्टरांकडे येतात, आणि तीही मूल होत नाही ही तक्रार घेऊन. अशा दाम्पत्यांपुढे असलेला एक साधा मार्ग म्हणजे घरच्या घरी वीर्यरोपण. पतीचे वीर्य स्वच्छ भांड्यात घेऊन सुई नसलेल्या सिरिंजने योनिमार्गात सोडायचे, एवढीच ही कृती. 'कृत्रिम रेतन' हा शब्द आपल्याकडे पशुसंवर्धन खात्याने असा काही रूढ केला आहे की माणसांच्या बाबतीत तो वापरताना संकोच वाटतो. म्हणून येथे वीर्यरोपण हाच शब्द घेतला आहे.

ही युक्ती आजची नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील एका कापड व्यापाऱ्याच्या मूत्रमार्गात जन्मजात दोष होता, त्यामुळे वीर्य योनीत पोहोचत नसे. विख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी त्याला कोमट केलेल्या सिरिंजचा उपाय सांगितला. त्या दाम्पत्याने तो स्वतःच अमलात आणला आणि पत्नीला दिवस राहिले. १७९९ साली या घटनेचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली हर्षा चावडा हिचा जन्म झाला, तेव्हापासून मूल होण्याचे उपचार म्हटले की लोकांना टेस्ट ट्यूब बेबीच आठवते. त्या झगमगाटात दोनशे वर्षांपूर्वीची ही साधी सिरिंज मागे पडली. दिल्लीतील डॉक्टरांनी समागम होऊ न शकलेल्या जोडप्यांमधील घरगुती वीर्यरोपणाचा अनुभव २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडला आहे, तो या विषयाकडे पुन्हा लक्ष वेधणारा आहे.

तथापि एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावयास हवी. सिरिंजमुळे गर्भधारणेची शक्यता वाढत नाही. नैसर्गिक संबंधात जेवढी शक्यता असते, फार तर तेवढीच येथे असते. निरोगी तरुण दाम्पत्यालाही एका महिन्यात यश मिळण्याची शक्यता साधारण चारात एक किंवा त्याहून कमीच असते. सिरिंज अंतर तोडते, दोष दूर करीत नाही. गर्भनलिका बंद असतील, शुक्रजंतू अत्यल्प असतील किंवा स्त्रीबीजच तयार होत नसेल, तर घरातले सहा महिने वाया गेले असे समजावे.

चौदाव्या दिवसाचा भ्रम

घरगुती प्रयत्न फसतात ते बहुधा कृतीत नव्हे, तर दिवस मोजण्यात. पाळीच्या चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते, हे शाळेपासून मनावर ठसलेले असते. ते अठ्ठावीस दिवसांच्या चक्रापुरते आणि तेही सरासरीने खरे. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण बारा ते चौदा दिवसांचा आणि बराचसा स्थिर असतो. बदलतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणून चोवीस दिवसांच्या चक्रात हा दिवस दहाव्याच्या आसपास, तर बत्तीस दिवसांच्या चक्रात अठराव्याच्या आसपास येतो. मोजणी पुढच्या पाळीपासून मागे करावी लागते, आणि पुढची पाळी कधी येणार हे आधी कोणाला ठाऊक असते?

अमेरिकेतील ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांची रोजची नोंद ठेवून १९९५ मध्ये दाखवून दिले की, फलनक्षम दिवस एका चक्रात सहाच असतात : स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. नंतरच्या दिवशीचा संबंध जवळपास व्यर्थ. कारण उघड आहे. अनुकूल स्रावात शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज मात्र जेमतेम बारा ते चोवीस तास टिकते. शुक्रजंतूंनी आधी पोहोचून वाट पाहणे हेच निसर्गाचे गणित. याच संशोधकांनी २००० साली आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. पाळीच्या दहाव्या ते सतराव्या दिवसांत ज्यांचे फलनक्षम दिवस पूर्णपणे सामावतात, अशा स्त्रिया केवळ तीस टक्क्यांच्या घरात होत्या. म्हणजे कॅलेंडरवर चौदाव्या दिवसाला लाल खूण करणाऱ्या अनेकींचा नेम चुकत होता.

आपल्याकडील धर्मशास्त्रांनी पाळीच्या प्रारंभापासून सोळा रात्रींचा ऋतुकाळ मानला. त्यातला कालावधी फारसा चुकीचा नाही, पण त्याच्याबरोबर सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी ही समजूतही चालत आली. तिला शास्त्रीय आधार नाही. मुलगा की मुलगी हे शुक्रजंतूतील गुणसूत्रावर ठरते, तिथीवर नव्हे. अशाच सम-विषम तिथीच्या विधानावरून २०२० मध्ये एका नामवंत कीर्तनकारांविरुद्धचे प्रकरण संगमनेरच्या न्यायालयात गेले होते. गर्भलिंगनिवड १९९४ च्या कायद्याने निषिद्ध आहे आणि तिची जाहिरातही.

नोंदवही, पट्टी आणि थर्मामीटर

दिवस ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे निदान सहा पाळ्यांच्या तारखांची वही. सर्वांत लहान चक्रातून अठरा वजा केले की संभाव्य पहिला फलनक्षम दिवस येतो आणि सर्वांत मोठ्यातून अकरा वजा केले की शेवटचा. चक्रे सव्वीस ते बत्तीस दिवसांची असतील तर आठवा ते एकविसावा दिवस. जपानचे क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या संशोधनातून हे गणित आले. पुढे जगभर ते मूल टाळण्यासाठी वापरले गेले. र. धों. कर्वे १९२१ पासून ज्या शहरात संततिनियमनाचा प्रसार करीत होते, त्याच शहरातील जोडपी आज तेच गणित उलट्या हेतूने मांडतात, हा काळाचा एक खेळच म्हणावा लागेल. पण या पद्धतीने मिळतो तो दोन आठवड्यांचा ढोबळ पट्टा. तो अरुंद करण्यासाठी शरीराच्या खुणा पाहाव्या लागतात.

त्यातली सर्वांत स्वस्त खूण गर्भाशयमुखाच्या स्रावाची. स्त्रीबीज बाहेर पडण्यापूर्वीच्या दोन-तीन दिवसांत तो पातळ, पारदर्शक, निसरडा आणि बोटांत ताणला असता अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकासारखा तार धरणारा होतो. याला खर्च काही नाही. मात्र दोन-तीन महिने निरीक्षण केल्याशिवाय खात्री होत नाही, आणि जंतुसंसर्ग असल्यास फसगत होते.

दुसरी खूण लघवीत सापडते. स्त्रीबीज बाहेर पडण्यापूर्वी सुमारे चोवीस ते छत्तीस तास ल्युटिनायझिंग हार्मोन, म्हणजे एलएच, एकाएकी उसळते. औषधांच्या दुकानात मिळणारी ओव्ह्युलेशन पट्टी ही उसळी पकडते. गर्भनिदानाच्या पट्टीहून ती वेगळी असते, हे खरेदी करताना दुकानदाराला बजावून सांगावे. नेहमीच्या चक्राच्या दिवसांतून सतरा वजा केले असता जो आकडा येतो त्या दिवसापासून रोज तपासणी सुरू करावी. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात अकराव्या, तर बत्तीसच्या चक्रात पंधराव्या दिवसापासून. तपासणीची रेषा मूळ रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद दिसली तरच ती होकारार्थी. फिकट रेषा म्हणजे नकार. गर्भनिदानाच्या पट्टीत फिकट रेषाही होकार देते, त्यामुळे येथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पट्टीसाठी सकाळची पहिली लघवी टाळून दुपार किंवा सायंकाळ निवडावी, रोजची वेळ एकच ठेवावी, आधी काही तास लघवीला गेलेले नसावे आणि पाणीही फार प्यालेले नसावे. उपनगरातून नोकरीला जाणाऱ्या स्त्रीला ही अट पाळणे दुर्दैवाने कठीण नाही. स्थानकांवरील स्वच्छतागृहांच्या धास्तीने ती तसेही पाणी कमीच पिते. याच प्रश्नावर २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी'ची चळवळ उभी राहिली. पट्टीसाठी चार तास धीर धरावा, दिवसभर तहान मारू नये.

पीसीओडी असलेल्या स्त्रियांमध्ये एलएच मुळातच चढे असू शकते, त्यामुळे पट्टी दिवसेंदिवस खोटा होकार देते. पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी किंवा त्याहून उशिरा येत असेल तर पट्ट्यांवर पैसे घालवण्याऐवजी सोनोग्राफीने स्त्रीबीजाची वाढ पाहणे, ज्याला डॉक्टर फॉलिक्युलर स्टडी म्हणतात, अधिक शहाणपणाचे.

पहाटेच्या तापमानाची पद्धत जुनी आहे. अंथरुणातून उठण्यापूर्वी रोज तापमान घ्यावयाचे. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर ते थोडेसे, अर्ध्या अंशाच्या आतच, चढते आणि चढेच राहते. म्हणजे बातमी मिळते ती गाडी सुटल्यावर. त्या महिन्यात तिचा उपयोग नाही. चार महिन्यांचा आलेख मात्र स्वतःच्या चक्राची ओळख करून देतो. रात्रपाळी करणाऱ्या किंवा झोपमोड होणाऱ्या स्त्रीने या भानगडीत पडू नये.

या सर्वांतून निघणारा कार्यक्रम असा : तार धरणारा स्राव दिसू लागताच एकदा, पट्टी होकारार्थी येईल त्या दिवशी एकदा आणि दुसऱ्या दिवशी आणखी एकदा. तीन वेळा शक्य नसेल तर शेवटच्या दोन सोडू नयेत. पती जहाजावरून अमुक तारखेला उतरणार असेल तर तिकीट काढण्यापूर्वी नोंदवही उघडावी.

प्रत्यक्ष कृती

वीर्य घेण्यापूर्वी पतीने दोन ते तीन दिवसांचा संयम ठेवावा. आठवड्याहून अधिक संयमाने शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. लघवीच्या तपासणीसाठी मिळणारी निर्जंतुक डबी पुरेशी असते. साधा कंडोम वापरू नये, त्यावरील रसायने शुक्रजंतूंना मारक ठरतात. थुंकी, खोबरेल तेल, व्हॅसलिन, बाजारातील बहुतेक जेली याही वर्ज्य. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. योनीत साबण किंवा जंतुनाशकाचा वापर करू नये.

वीर्य आरंभी घट्ट असते आणि पंधरा ते तीस मिनिटांत आपोआप पातळ होते. तेवढा वेळ डबी खोलीच्या तापमानात, उन्हापासून दूर ठेवावी. फ्रिज नको, गरम पाण्यात बुडवणेही नको. पातळ झाल्यावर सुई नसलेल्या नव्या, निर्जंतुक सिरिंजमध्ये ते हळू ओढावे, हवेचे बुडबुडे काढावेत. पत्नीने पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, सिरिंज अलगद, दुखणार नाही इतकीच आत घ्यावी आणि दट्ट्या सावकाश दाबावा. दहा-पंधरा मिनिटे पडून राहण्यास हरकत नाही. कमरेखाली उशा रचून तासभर पाय वर करण्याने काही साधते असे सिद्ध झालेले नाही. नंतर थोडे वीर्य बाहेर येते, त्याची धास्ती घेऊ नये. सिरिंज एकदाच वापरून टाकून द्यावी.

हे सारे वीर्य घेतल्यापासून तासाभरात उरकावे. बोरिवलीहून चर्चगेटला लोकलने जाण्यास साधारण तेवढाच वेळ लागतो, तेव्हा डबी खिशात घालून प्रवास करण्याचा विचार कोणी करू नये.

धोक्याची एकच जागा आहे आणि ती गंभीर आहे. नळी गर्भाशयमुखातून आत, गर्भाशयात घालण्याचा प्रयत्न घरी कदापि करू नये. डॉक्टर आययूआय करतात तेव्हा वीर्य प्रयोगशाळेत धुऊन घेतलेले असते. न धुतलेले वीर्य गर्भाशयात गेल्यास तीव्र कळा आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि संसर्गाने गर्भनलिका बंद झाल्यास ज्यासाठी खटाटोप केला तेच कायमचे हातचे जाते. 'होम कन्सेप्शन किट' म्हणून इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या महागड्या संचांत साध्या सिरिंजहून फारसे वेगळे काही नसते.

आधी तपासण्या

प्रत्येक प्रयत्नाला एक महिना लागतो, म्हणून सुरुवातीलाच पतीच्या वीर्याची तपासणी करावी. ती स्वस्त आहे, वेदनारहित आहे आणि तरीही बहुतेक घरांत सर्वांत शेवटी होते. पत्नीच्या सोनोग्राफी, रक्ततपासण्या, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा होऊन जाते, आणि मग पतीच्या अहवालात शुक्रजंतू शून्य निघतात. मूल न होण्यात पुरुषाचा वाटा जवळपास निम्म्या प्रकरणांत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार एका वेळच्या वीर्यात निदान ३ कोटी ९० लाख शुक्रजंतू आणि त्यांतील ४२ टक्के हालचाल करणारे असावेत. अहवाल याहून बराच खाली असेल तर घरगुती प्रयोग थांबवून तज्ज्ञाकडे जावे.

पत्नीने फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी निदान महिनाभर आधी सुरू करावी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, रुबेला या तपासण्या नेहमीच्याच. मुलुंड आणि घाटकोपर या भागांत आणखी एका तपासणीकडे दुर्लक्ष करू नये, ती म्हणजे थॅलेसेमियाची. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात आणि या उपनगरांत त्यांची वस्ती मोठी आहे. वाहकाला स्वतःला काहीच त्रास नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला तीव्र आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एचबीए-टू ही तपासणी दोघांपैकी एकाची केली आणि ती निर्दोष निघाली तर बहुधा चिंता मिटते.

पत्नी एचआयव्हीबाधित आणि पती निरोगी असेल अशा दाम्पत्यांसाठीही हा मार्ग पूर्वापार सुचवला जातो. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे खाली गेले असतील तर संबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. तरी निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांबरोबरच घ्यावा. येथे शब्दांचा एक घोळ ध्यानात ठेवावा. सरकारी रुग्णालयातील 'एआरटी केंद्र' ही पाटी एचआयव्हीच्या औषधोपचाराची असते. मूल होण्याच्या उपचारांचा कायदाही 'एआरटी कायदा' म्हणूनच ओळखला जातो.

दात्याचे वीर्य : घरी नव्हेच

अमेरिकेतील काही वीर्यबँका गोठवलेले वीर्य घरपोच देतात. ते वाचून येथेही तसे मिळेल अशी अनेकांची समजूत होते. भारतात साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार दात्याचे वीर्य गोळा करणे, तपासणे आणि साठवणे हे काम केवळ नोंदणीकृत बँकेचे. दाता २१ ते ५५ वयोगटातील असावा लागतो आणि एका दात्याचे वीर्य एकाहून अधिक दाम्पत्यांना देता येत नाही. वीर्याच्या खरेदी-विक्रीला कायद्याने मज्जाव आहे. वीर्यरोपण नोंदणीकृत दवाखान्यातच होते. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही, वय २१ च्या वर आणि ५० च्या आत असल्यास, या मार्गाने जाता येते. हे अनेकींना ठाऊक नसते.

पतीच्या अहवालात शुक्रजंतू शून्य आले की घरातल्या घरात, गुपचूप, एखाद्या नातेवाइकाचे किंवा मित्राचे वीर्य घेण्याचा विचार पुढे येतो. महाभारतातील नियोगाचा दाखलाही दिला जातो. त्यातील पहिला धोका संसर्गाचा. एचआयव्हीची लागण झाल्यानंतर काही काळ तपासणी निर्दोषच येते. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दात्याचे वीर्य सहा महिने गोठवून ठेवून त्याची पुन्हा तपासणी करण्याचा दंडक होता. घरी आलेल्या मित्राच्या बाबतीत हे कोण पाहणार? दुसरा धोका नात्याचा. नोंदणीकृत मार्गाने जन्मलेले मूल कायद्याने त्या दाम्पत्याचेच ठरते आणि दात्याचे सर्व हक्क संपुष्टात येतात. गुपचूप व्यवहाराला हे संरक्षण नाही. वैध विवाहात जन्मलेले मूल पतीचेच मानावे असे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६ सांगते खरे. पण पुढे वारसा, घटस्फोट वा भावकीतल्या भांडणात तो मित्र किंवा दीर काय बोलेल, याची हमी कोणते कलम देणार?

थांबायचे कधी

वीर्यरोपणानंतर चौदा दिवसांनी पाळी न आल्यास गर्भनिदानाची पट्टी वापरावी. त्याआधी केलेली तपासणी बहुधा नुसती हुरहुर वाढवते. चाचणी होकारार्थी असताना पोटात एका बाजूला तीव्र वेदना, रक्तस्राव किंवा चक्कर आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे, गर्भ नलिकेत अडकलेला असू शकतो.

पत्नीचे वय पस्तिशीच्या आत असेल तर नेमके दिवस साधूनही वर्षभरात यश न आल्यास, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांत, आणि चाळिशी आली असेल तर प्रयत्नांच्या आधीच तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. व्हजायनिस्मस किंवा ताठरतेच्या तक्रारीवर स्वतंत्र उपचार आहेत आणि ते वीर्यरोपणाबरोबर चालू ठेवता येतात. मूल झाले म्हणून मूळ तक्रार आपोआप जात नाही. केईएममध्ये डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभारला तो अशाच रुग्णांसाठी. त्याच परिसरात परळची राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्था आहे. तज्ज्ञाकडे पहिल्या भेटीला जाताना दोघांनी मिळून जावे आणि पाळीच्या तारखांची वही, पट्ट्यांचे निकाल व पतीचा वीर्यतपासणीचा अहवाल बरोबर न्यावा. एवढे कागद हाती असले की तज्ज्ञाचा पहिला महिना वाचतो.